सोलर झटका मशीन : दोन वर्षं डोंगरात वापरून झाल्यावर लिहितोय

यूट्यूबवर झटका मशीनचे, म्हणजे जनावरं अडवायला शेताभोवतीच्या तारेत करंटचे झटके सोडणाऱ्या डब्याचे, ढिगानं व्हिडिओ आहेत. सगळ्यात तेच, विकणारा माणूस तारेला स्क्रूड्रायव्हर लावतो, टक् करून ठिणगी पडते, "बघा शेतकरी मित्रांनो" म्हणतो आणि खाली नंबर येतो. मशीन रानात बसल्यावर सहा महिन्यांनी काय होतं ते कोणी दाखवत नाही. मी जून २०२३ ला घेतली, दोन खरीप आणि दोन रब्बी काढल्या तिच्यावर, मी कोणाचा एजंट नाही आणि माझ्याकडं विकायला काही नाही, त्यामुळं जे झालं ते लिहितो. मोठं झालंय, चहा घेऊन बसा.

आधी जागा सांगतो म्हणजे बाकीचं कळंल. बीड जिल्ह्यातला पाटोदा तालुका, बालाघाटाचा डोंगर, नायगावच्या मयूर अभयारण्याकडची बाजू. गावात घर आहे पण राहतो वस्तीवर, मी, बायको, आई, आण्णा, दोन म्हशी आणि एक कुत्रं, ज्याचा रात्री काही उपयोग नाही. चार एकर रान, एक एकर विहिरीखाली आणि बाकीचं वरच्या पाण्यावर. एका अंगाला फॉरेस्टची हद्द, दुसऱ्या अंगाला ओढा, आणि ओढ्यात तरवड, घाणेरी, बोरीचं असं रान माजलंय की डुकरांना तो लॉजच झालाय, दिवसा झोपायचं आणि रात्री आमच्याकडं जेवायला.

ज्यांनी रानडुकरं बघितली नाहीत त्यांना वाटतं येऊन खात असतील थोडंफार, जनावर आहे, खाऊ द्या. अहो खाण्याचं काही नाही. २०२२ ला भुईमुगात एका रात्रीत पंधरा-वीसचा कळप घुसला, सकाळी बघतो तर अर्धा एकर कोणी नांगर फिरवल्यासारखं, शेंगा खाल्ल्या पाटीभर आणि वेल उपटून टाकले सगळे. मक्याचं तेच, ज्वारी चिकात आली की तेच, ताट मोडून आडवं करायचं आणि कणसाचा एक घास घेऊन पुढचं ताट. पंचनाम्यासाठी तीन दिवसांच्या आत तक्रार द्यावी लागते, दिली, माणूस आला, फोटो काढले. असो, ते लिहायला बसलो तर वेगळा रिव्ह्यू होईल.

मशीनच्या आधी सगळं करून झालंय. आण्णांनी उभं आयुष्य माळ्यावर झोपून ज्वारी राखली, गोफण आणि पत्र्याचा डबा घेऊन. पण २०२० च्या नोव्हेंबरात शेजारच्या आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, शेवटी डिसेंबरात करमाळ्याकडं त्याला गोळ्या घातल्या, तुम्ही ते पेपरात वाचलं असंल, आमच्याकडं सहा वाजता दारं लागायची आणि लघवीला पण दोघं मिळून जायचे. तेव्हापासून आईनं आण्णांना माळ्यावर जाऊ दिलं नाही आणि मला पण नाही. मग साड्या लावल्या. बाजारातून किलोवर जुन्या साड्या आणायच्या आणि शेताभोवती बांधायच्या, पहिले आठ दिवस डुकरं बिचकतात, नंतर खालून वर उचलून येतात. त्यात एका साडीपाशी आई थांबली आणि म्हणली, ही माझी आहे, भांडेवालीला दिली होती मी. आता खरं असंल नसंल, पण ती साडी सोडून घरी नेली तिनं. सलूनमधून पोतंभर केस आणून बांधावर टाकले, डुकरं त्याच्यावरून चालत गेली. सुतळी बॉम्बचे पैसे सोयाबीनच्या पैशापेक्षा जास्त व्हायला लागले तव्हा मशीन घ्यायचं ठरलं.

खर्च खरा सांगतो कारण सगळे हेच विचारतात. मशीन, ४० वॅटचं पॅनल, १२ व्होल्टची बॅटरी आणि हूटर म्हणजे भोंगा असा सेट ९,४०० ला, सांगितले ११,००० होते. शेताचा घेर चालत मोजला तर ५६० मीटर, तीन पदर तार म्हणजे १६ गेजची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार २७ किलो लागली, १०५ रुपये किलोनं. इन्सुलेटर ३४०, चार रुपयाला एक. बांबू ७० विकत घेतले ४५ रुपयानं आणि बाकीचे खुंट घरच्या बोरी-बाभळीचे. सगळं मिळून १७ हजाराच्या आत बसलं, मजुरी नाही धरली कारण मजूर म्हणजे मी आणि बायकोच. सरकारी योजना आहे, डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना, त्यात सौर कुंपणाला ७५ टक्के किंवा १५ हजार यातलं जे कमी ते मिळतं, पण गाव यादीत लागतं आणि आमचं गाव नव्हतं. आधी विचारून घ्या, मशीन घेतल्यावर विचारून काही उपयोग नाही, मी तसंच केलं.

मशीन करते काय तर बॅटरीच्या १२ व्होल्टचे आत आठ-नऊ हजार व्होल्ट करते आणि सेकंदाला साधारण एक ठोका तारेत सोडते, पण तो ठोका इतका बारीक असतो, सेकंदाचा अगदी छोटासा हिस्सा, की झटका लई जोरात बसतो पण माणूस चिकटत नाही. घरच्या लाइटचा करंट सलग असतो, हात आवळला जातो, सोडता येत नाही, माणूस मरतो तो त्यानं. मधल्या वेळात हात मागं घेता येतो हीच या मशीनची सगळी हुशारी. म्हणून हात जोडून सांगतो, मोटारीच्या लाइनवरून डायरेक्ट तारेत करंट सोडू नका. गुन्हा तर आहेच, पण आमच्या पलीकडच्या गावात एकानं सोडला होता आणि पहाटे त्याचाच बैल आडवा झाला. बैलाच्या जागी लेकरू असतं तर काय केलं असतं त्यानं.

पहिल्या दिवशी आण्णांचा विश्वास बसला नाही. एवढ्याशा डब्यानं डुक्कर थांबतंय व्हय, म्हणले आणि अंगठा लावला. नंतर बांधावर जाऊन बसले, पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणले, चालतंय. माझा मेव्हणा आला होता त्यानं पाण्यात उभं राहून हात लावला, तो किस्सा बायकोनं लिहू नको म्हणून सांगितलंय.

आता कोणत्या जनावराला चालते ते. डुकरांना चालते, नंबर एक चालते, पण तार बरोबर उंचीला पाहिजे. दुकानदारानं दोन तारा सांगितल्या होत्या, पहिली दीड फुटावर. तसं केलं असतं तर पिल्लं खालून गेली असती आणि त्यांच्या मागं आई. डुक्कर चालताना नाक पुढं, जमिनीला घासत चालतं, ते ओलं नाक तारेला लागलं पाहिजे, अंगावर लागून उपयोग नाही कारण अंगावरचे केस राठ असतात. म्हणून माझी पहिली तार नऊ इंचावर, दुसरी पावणेदोन फुटावर, तिसरी साडेतीन फुटावर. पहिल्या आठवड्यात रात्री ओढ्याच्या बाजूनं असला किंचाळण्याचा आवाज आला की आई उठून बसली, तिला वाटलं माणूसच आहे. सकाळी तारेपासून ओढ्यापर्यंत खुरांची पळापळ दिसत होती. त्यानंतर तो कळप त्या बाजूला महिनाभर फिरकला नाही.

रोह्यांचं थोडं वेगळं. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं जनावर, निवांत असलं तर तारेला नाक लावून बघतं आणि झटका बसला की फिरतं, पण मागं कुत्रं लागलं असलं किंवा बिचकलं असलं तर साडेतीन फूट त्याला काहीच नाही, सरळ उडी मारतं, आणि कधी उडी चुकली की तीन खुंट आणि वीस फूट तार सोबत घेऊन जातं. तुमच्याकडं रोहीच जास्त असतील तर चौथी तार लावा पाच फुटावर. हरणं दोनदाच आली, काही नुकसान नाही, बघायला बरं वाटतं खरं सांगायचं तर.

सायाळीला ही मशीन काहीच करत नाही. मी टॉर्च मारून डोळ्यानं बघितलंय, काटे आडवे पाडून खालच्या तारेखालून सरपटत गेली, तारेवर काटे घासल्याचा खर्रर्र आवाज आला, मशीन आपली टक् टक् करतीय आणि बाई आत जाऊन रताळी उकरतीय. काट्याला करंट लागत नाही, नाक तिनं खालीच ठेवलं होतं. तिला कोणी शिकवलं काय माहीत.

वानरांचं तर विचारूच नका. पहिल्यांदा एकाला बसला, सगळी टोळी ओरडत झाडावर गेली, मला वाटलं जिंकलो. चौथ्या दिवशी बांधावरच्या लिंबाच्या फांदीवरून आत उड्या. फांदी तोडली तर विहिरीच्या कठड्यावरून. त्यांना सगळा घेर पाठ आहे माझ्यापेक्षा जास्त. मोर आणि लांडोरी उडून येतात त्यामुळं तारेचा प्रश्नच नाही, पेरलेला हरभरा ओळीनं उकरून खातात, जशी पाभर चालली तशीच त्यांची लाइन. नायगावचं अभयारण्य १९९४ चं, खास मोरांसाठीचं, पुण्याकडचे पाव्हणे मोर बघायला येतात आणि आमच्याकडं बघून म्हणतात किती नशीबवान तुम्ही. हो म्हणतो. सकाळी पिसारा फुलवून उभा असला की मी पण पेरणीचं विसरून बघत उभा राहतो, ते खोटं नाही.

एकदा रात्री अडीचला हूटर वाजला, टॉर्च घेऊन गेलो तर तारेच्या बाहेर तरस. पुढून उंच मागून बसकं, लंगडल्यासारखं चालतं. ते पण माझ्याकडं बघत उभं राहिलं आणि मी पण, मग ते ओढ्यात उतरलं. त्या रात्री झोप काही लागली नाही, पण तरसानं आजपर्यंत आमचं काही वाकडं केलेलं नाही, मेलेलं ढोर ओढून नेतं उलट. बिबट्याचा अनुभव नाही मशीनवर, देव करो आणि येऊ नये. २०२४ च्या डिसेंबरात तिकडं धाराशिवला येडशी-रामलिंगच्या अभयारण्यात टिपेश्वरचा वाघ येऊन राहिला तव्हापासून गावातली पोरं विचारतात, तुझी मशीन वाघाला चालती का रे. ज्याला विदर्भातून बालाघाटापर्यंत चालत येताना कोणी अडवू शकलं नाही त्याला माझी ९,४०० ची मशीन काय अडवणार.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अर्थिंग. दुकानदारानं सेटसोबत दीड फुटाची एक सळई दिली आणि म्हणला, दाजी, ठोकून द्या कुठंपण, चालतंय. पावसाळ्यात खरंच चाललं, जमीन ओली होती. पण २०२३ ला पाऊस कसा होता ते मराठवाड्यात कोणाला सांगायला नको, दिवाळीनंतर जमीन दगडासारखी, आमच्याकडं हातभर मातीखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण. जानेवारीत ज्वारी ऐन हुरड्यात आली आणि एका रात्रीत दहा गुंठे आडवी. मशीन चालू, बॅटरी फुल, हूटर गप्प. मला वाटलं मशीन गेली. चप्पल काढून तारेला बोट लावलं तर मुंगी चावल्यासारखं. मग कळलं की झटका तारेतून जनावराच्या अंगात, अंगातून जमिनीत आणि जमिनीतून त्या सळईकडं परत मशीनपर्यंत आला तरच बसतो, जमीनच कोरडी असली तर रस्ताच तुटला, जनावर तारेला घासून निवांत जातं.

मग मी जे केलं ते लिहून ठेवा. सहा फुटाचे तीन जीआय पाइप, म्हशींच्या हौदापाशी जिथं कायम ओल असते तिथं, दहा-दहा फुटावर, खड्डा करून कोळसा आणि मीठ घालून पुरले, तिन्ही एकमेकांना तारेनं जोडले आणि आठवड्याला एक-एक घागर पाणी. सहा फूट खोदायला ब्रेकर आणावा लागला, ते ६०० रुपये वेगळे. आणि उन्हाळ्यापुरतं अजून एक, मधली तार मशीनच्या प्लसवरून काढून अर्थला जोडायची. म्हणजे खालची आणि वरची गरम, मधली अर्थ. जनावराचं नाक खालच्या तारेला आणि कपाळ मधल्या तारेला लागलं की जमिनीची गरजच राहत नाही, तिथल्या तिथं बसतो. हे मला कोणत्याच दुकानदारानं सांगितलं नाही, पाटोद्याला मोटारी भरणाऱ्या एका मिस्त्रीनं चहा पिता पिता सांगितलं. फुकट.

दुसरी कटकट गवताची. २०२४ ला पाऊस झाला आणि असला झाला की सप्टेंबरच्या सुरवातीला दोन दिवस घराबाहेर निघता आलं नाही, नंतर गवत कमरेएवढं. ओलं गवत तारेला टेकलं की करंट तिथूनच जमिनीत जातो, प्रत्येक काडी थोडा थोडा पिते, शेवटच्या टोकाला काहीच उरत नाही. तारेखाली दीड फुटाचा पट्टा दर आठ-दहा दिवसाला विळ्यानं साफ करावा लागतो, ५६० मीटर, एका माणसाचा पूर्ण दिवस. एकदा पट्टा काढताना घोणस निघाली, विळ्यापासून वीतभर, कुकरची शिट्टी सुटावी तशी फुसफुसत होती. तेव्हापासून गमबूट, आणि हात घालायच्या आधी काठीनं गवत हलवायचं. वनखात्याचा १९२६ नंबर मोबाइलमध्ये ठेवा, आणि आमच्या जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यात तागडगावला सर्पराज्ञी म्हणून जखमी वन्यजीवांचं केंद्र आहे, ते पण माहीत असू द्या.

गळती कुठं आहे ते शोधायची युक्ती आण्णांची. त्यांचा जुना ट्रान्झिस्टर परभणी केंद्रावर लावलेला असतो, तो घेऊन तारेच्या कडेनं चालायचं, जिथं तार गवताला किंवा खुंटाला ठिणगी टाकत असंल तिथं बातम्यांच्या मधी कडक कडक आवाज वाढतो. टेस्टर ३५० चा मिळतो पण ट्रान्झिस्टर बातम्या पण सांगतो.

आणि दुकान. ऑक्टोबरात परतीच्या पावसात वीज पडली, आमच्यावर नाही, पलीकडच्या माळावर, पण तारेतून आली आणि मशीनच्या आतलं सर्किटचं कार्ड गेलं. एक वर्षाची गॅरंटी आहे म्हणून मान डोलवत विकली होती, आता म्हणला वर्ष झालंय, आणि झालं नसतं तरी विजेची गॅरंटी नसते. बरं, पैसे घे पण दुरुस्त करून दे म्हणलं तर कार्ड कंपनीकडं पाठवतो, आठ दिवस लागतील. आठाचे सतरा झाले, १,२०० घेतले, मधी चार फोन उचलले नाहीत, आणि त्या सतरा दिवसात मका गेला. परत तसंच झालं तर मी त्या मिस्त्रीकडंच जाणार, तो म्हणला होता तीन-चारशेचा पार्ट असतो आतला. आता वीज कडाडायला लागली की मी आधी मशीनची तारेची पिन काढतो मग म्हशी आत घेतो, बायको म्हणती उलटं करा. मशीनला पाचात चार, दुकानाला दीड, तो दीड पण तार चांगली दिली म्हणून.

बॅटरी दोन वर्षं झाली अजून ठीक आहे, पॅनल महिन्यातून एकदा फडक्यानं पुसा, त्यात जास्त सांगण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही ती सांगतो. डुकरं कमी होत नाहीत, फक्त वळतात. माझं रान बंद झालं तशी ती खालच्या अंगाला आमच्या चुलत भाऊंच्या तुरीत जायला लागली. पहिल्या वर्षी भाऊ हसत म्हणायचे, पाठव लेका, तुझ्याकडचे पाव्हणे आमच्याकडं. दुसऱ्या वर्षी हसायचे बंद झाले. एकदा पाण्याच्या पाळीवरून बोलाचाली झाली आणि त्यात पण डुकरं निघाली. मी म्हणलं माझीच लाइन पुढं वाढवू, मशीनची ताकद आहे, तार तुमची घ्या. नको म्हणले. आई म्हणली, त्यांचं बरोबर आहे, तू आधी विचारायचं होतं. मी खरंच विचारलं नव्हतं, मला फक्त रात्री झोपायचं होतं, आणि झोपलो पण, दहा-बारा वर्षांनी ज्वारीच्या दिवसात घरात अंथरुणावर झोपलो.

गेल्या महिन्यात भाऊंनी पण घेतली. दुसऱ्या दुकानातून, ५० वॅटचं पॅनल आणि माझ्यापेक्षा ९०० रुपये कमी. अर्थिंगला तीन पाइप पुरायला मीच गेलो होतो, तव्हा हे सांगितलं त्यांनी, खड्डा अर्धा झाल्यावर.